तपकीर गल्लीतले कॅसेटवाले काका: गाणी परत मिळाली, कुकरच्या शिट्टीसकट

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांब होणार आहे. नुसतं "छान सर्व्हिस, नक्की जा" लिहून माझं भागणार नाही. ज्यांना फक्त कामापुरतं हवंय त्यांच्यासाठी इथेच लिहून टाकते. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाकडून तपकीर गल्लीत शिरलं की वायरी-बल्ब-स्विचच्या दुकानांच्या मधे एका जिन्याखाली छोटंसं दुकान आहे, पाटी अशी धड नाहीच, बाहेर जुने डेक एकावर एक रचलेले दिसतात तीच खूण. तिथले काका टेपरेकॉर्डर, डेक, अँप्लिफायर दुरुस्त करतात आणि कॅसेटवरचं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून देतात. एका कॅसेटचे ३०० रुपये, साठची असो नाहीतर नव्वदची. पेनड्राइव्ह आपला न्यायचा. मी सहा कॅसेट दिल्या, पाच झाल्या, अकरा दिवस लागले. गाडी मंडईच्या पार्किंगला लावा आणि चालत या, गल्लीत गाडी घालायचा विचारसुद्धा करू नका.

आता खरं सांगायचंय ते.

माझ्याकडे १९९५ ते २००० मधल्या सहा कॅसेट आहेत, त्यातल्या चार आमच्या पार्ट्यांच्या. पार्टी म्हणजे आजच्या मुलांच्या डोळ्यासमोर जे येतं ते नाही हां. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची गच्ची, पाण्याच्या टाकीच्या कठड्याला गुंडाळलेली वायर, दोन बल्बांना लाल आणि निळा जिलेटिन पेपर (तो तापून करपायचा आणि त्याचा एक विशिष्ट वास यायचा, तो वास मला आजही नाचायला लावेल), बुधानीचे वेफर्स, कुणाच्यातरी आईनं करून दिलेली पावभाजी, थम्सअपच्या काचेच्या बाटल्यांचा क्रेट आणि खालून चौघांनी जिन्यानं चढवून आणलेला आमचा डबल कॅसेट डेक. साडेनऊला मुलींना घरी जायचं असायचं, दहाला सेक्रेटरी काका वर यायचे, म्हणजे हातात जेमतेम अडीच तास. पण त्या अडीच तासांसाठी पंधरा दिवस आधीपासून कॅसेटची तयारी चालायची.

आणि ती तयारी हीच अर्धी पार्टी होती. तेव्हा गाणी भरून देणारी दुकानं असायची. आपण वहीच्या पानावर यादी करून न्यायची, बरोबर कोरी कॅसेट न्यायची, पैसे असले तर सोनी किंवा टीडीके, नसले तर मेलट्रॅक, आणि तो माणूस दोन-तीन दिवसांत भरून द्यायचा. यादी करताना भांडणं व्हायची, कारण नव्वदच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे दहा-अकरा गाणी, त्यात कुणाचं घ्यायचं आणि कुणाचं कापायचं. बाबा सेहगल हवाच, दलेर मेहंदी हवाच, अपाची इंडियन हवाच, मग डॉक्टर अल्बान, एस ऑफ बेस, पुढे अ‍ॅक्वा, शेवटी शेवटी व्हेंगाबॉइज. आम्हाला हे सगळे अमेरिकनच वाटायचे. नंतर कळलं की एस ऑफ बेस स्वीडनचे, अ‍ॅक्वा डेन्मार्क-नॉर्वेचे, व्हेंगाबॉइज हॉलंडमधले, अपाची इंडियन बर्मिंगहॅमचा, आणि डॉक्टर अल्बान तर जन्मानं नायजेरियन, स्वीडनमध्ये दाताचा डॉक्टर झालेला माणूस, खराखुरा डेंटिस्ट! कोथरूडच्या गच्चीवर आम्ही अर्धा युरोप नाचवत होतो आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पण त्या सगळ्यांच्या वरताण एक गाणं होतं, अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'. १९९५ साल, मी अकरावीला. बिद्दूचं संगीत, मॅग्नासाउंडची कॅसेट, आणि व्हिडिओत त्या लाकडी पेटीतून निघणारा मिलिंद सोमण. सोमण! म्हणजे आपल्यापैकी कुणीतरी! आमच्या बिल्डिंगमधल्या ताया त्यासाठी केबलवर चॅनल व्ही लावून तासतासभर बसून राहायच्या. तोपर्यंत नाचायचं म्हटलं की सिनेमातलं नाहीतर परदेशातलं, आणि हे मात्र सिनेमात नसलेलं, आपल्याच इथलं, आपल्या भाषेसारखं, तरी टीव्हीवर त्या गोऱ्या बँडच्या शेजारी दिमाखात लागणारं. आमच्या वयाला त्याचं किती अप्रूप होतं हे आज सांगून कळणार नाही. लकी अलीचा 'सुनो' १९९६ ला आला, युफोरियाचं 'धूम' ९८ ला, केकेचा 'पल' ९९ ला, दरवर्षी काहीतरी असं येत होतं की जे फक्त आमचं होतं, आईबाबांचं नाही, दादाचंही नाही.

तर ते गाणं आम्हाला पार्टीला हवं होतं आणि कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, म्हणजे त्या महिन्याचे संपले होते. मग आम्ही केलं ते जे त्या काळात सगळ्यांनीच केलंय. टेप टीव्हीच्या स्पीकरसमोर स्टुलावर ठेवायचा, प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबायचं, पॉजवर ठेवायचं आणि गाणं लागायची वाट बघायची. संध्याकाळ होती. मी आणि माझा मामेभाऊ श्वास रोखून बसलेलो, घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं की बोलायचं नाही. गाणं लागलं, पॉज सोडला. आणि बरोबर दुसऱ्या कडव्याआधी, म्युझिक चालू असताना, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, पूर्ण दमाची. मामेभावानं कपाळावर हात मारला. थोड्या वेळानं दुसरी झाली.

परत रेकॉर्ड करायला वेळच मिळाला नाही, पार्टीला तेच वाजलं. आणि गच्चीवर शिट्टी वाजल्याबरोबर सगळे एक सेकंद थांबले आणि मग जो काही आरडाओरडा झाला! पुढच्या पार्टीला लोक त्या शिट्टीची वाटच बघत होते. तिसऱ्या पार्टीपर्यंत ती स्टेप झाली होती: शिट्टीला दोन्ही हात वर करून जागच्या जागी गिरकी. दुसऱ्या शिट्टीला उलटी गिरकी. कॉलेजच्या गॅदरिंगला एकदा खरी कॅसेट लावली तर आमच्या ग्रुपनं त्या जागी स्वतः तोंडानं शिट्टी मारली, बाकीचं हॉल आमच्याकडे बघत राहिलं. पुढे पैसे आल्यावर ओरिजिनल कॅसेट विकत घेतली, पण पार्टीला ती कधीच लागली नाही.

आता गाणं तर मोबाइलवर आहे, दोन सेकंदांत लागतं, क्लीन, सुंदर. पण माझ्या अंगाला ते गाणं म्हणून ओळखूच येत नाही. त्या जागी आली की मी वाट बघते आणि काहीच होत नाही.

म्हणून गेली चार-पाच वर्षं मी ह्या कॅसेट डिजिटल करून घ्यायच्या मागे होते. आधी एक प्रयत्न केला तो सांगते म्हणजे काकांचं काम का वेगळं ते कळेल. कुरिअरनं कॅसेट मागवून काम करून देणाऱ्या एका सर्व्हिसकडे (नाव लिहीत नाही, बिचाऱ्यांना वाटलं असेल आपण चांगलंच करतोय) मी नेमकी तीच कॅसेट पाठवली. महिन्याभरानं लिंक आली. प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल, वर गायकाचं नाव, अल्बमचं चित्र, सगळं नीटनेटकं. मी हावरटासारखी ते गाणं लावलं. शिट्टी नाही. परत लावलं. नाहीच. मग साइड एच्या शेवटचं गाणं ऐकलं, जे कॅसेट संपल्यामुळे निम्म्यात तुटायचं, ते पूर्ण! म्हणजे त्यांनी गाणी ओळखून नेटवरच्या कॉपीज टाकल्या होत्या. मेल केला तर उत्तर आलं की बॅकग्राउंड नॉइज काढून टाकलाय, त्याचे जास्त पैसे लावलेले नाहीत. मी त्या दिवशी खरंच रडले. सुदैवानं कॅसेट परत आली, फिती सैल गुंडाळलेल्या होत्या, पण आली. पेन्सिल घालून हलक्या हातानं घट्ट केली आणि कपाटात ठेवून दिली.

काकांचं नाव मला माझ्या ऑफिसातल्या एका सरांनी सांगितलं, ते वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेट त्यांच्याकडून करून घेतात. एका शनिवारी गेले. दुकानात दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, सोल्डरिंगचा वास, भिंतीला खिळ्यांवर रबरी पट्टे, म्हणजे डेकचे बेल्ट, साइझप्रमाणे लटकवलेले. काका सत्तरीच्या आसपासचे असावेत, कपाळावर भिंग सरकवलेलं. मी पिशवी ठेवली आणि पहिलं वाक्य हेच बोलले, "काका, ह्यातलं काही साफ करायचं नाही. एका गाण्यात कुकरची शिट्टी आहे, ती राहायला पाहिजे."

ते हसले नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी विचारलं, "कुठल्या टेपवर भरलंय हे? आणि वाजवायचात कशावर?"

मी म्हटलं, काका, तीस वर्षं झाली, घरचा डेक होता, आता नाहीये.

"असू द्या ताई. कळेल ते."

मग त्यांनी एकेक कॅसेट उजेडात धरून बघितली. हे मी तिथे उभं राहून पाहिलंय म्हणून सांगते, कुणी कॅसेट टाकली डेकमध्ये आणि बटण दाबलं असं नाही केलं. कॅसेटच्या मधोमध खालच्या बाजूला फीत जिथे हेडला टेकते तिथे मागे एक छोटा नमद्याचा तुकडा असतो, तांब्याच्या बारीक पट्टीवर चिकटवलेला, तो फितीला हेडवर दाबून धरतो. माझ्या दोन कॅसेटमध्ये तो डिंक वाळून गळून पडला होता. तो नसला की आवाज मधेच येतो मधेच जातो, आणि आपण म्हणतो कॅसेट गेली. काकांनी दुसऱ्या एका रद्दी कॅसेटमधला काढून लावला. एका कॅसेटला स्क्रूच नव्हते, कवच चिकटवून बंद केलेलं, तर ते कडेनं अलगद फोडलं आणि दोन्ही चकत्या उचलून दुसऱ्या स्क्रूवाल्या कवचात ठेवल्या. फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद, आणि नव्वदच्या कॅसेटमध्ये ती साठपेक्षा पातळ असते, म्हणून नव्वदच्या लवकर अडकतात, हे मला तिथे कळलं. आम्ही नेमक्या नव्वदच्याच घ्यायचो, गाणी जास्त बसतात म्हणून.

सहावी कॅसेट त्यांनी परत केली. फितीच्या कडेला पांढरी पूड धरली होती, बुरशी. ती आमच्या पहिल्या मजल्यावरच्या माळ्यावर होती, भिंतीला ओल. काका म्हणाले, "ही मी माझ्या डेकमध्ये घालणार नाही. हेडला लागेल आणि तिथून दुसऱ्यांच्या कॅसेटला." मला वाईट वाटलं, त्यावर आमच्या फेअरवेलची गाणी होती, पण माणूस दुसऱ्यांच्या कॅसेटचा विचार करतोय म्हणजे माझ्याही जपेल असं मनात आलं. घरी झिपच्या पिशवीत बाकीच्यांपासून लांब ठेवा म्हणाले. तुमच्या घरी कॅसेट असतील तर आजच बघा, उभ्या ठेवा, ओलीपासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब ठेवा.

दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा ते माझीच कॅसेट लावत होते आणि त्यांनी मला हेडफोन दिला. गाणं लागलेलं, पण कांबळं पांघरून कुणी गातंय असा आवाज. काकांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, डेकच्या हेडच्या बाजूचा एक स्क्रू अगदी किंचित फिरवला, आणि झांजा उजळल्या. एवढं किंचित फिरवलं की हात हललेला दिसला नाही. परत थोडं मागे घेतलं. म्हणाले, प्रत्येक डेकचं हेड थोडं वेगळ्या कोनात असतं, ज्या डेकवर भरलं त्याच्याशी कोन जुळवला की वरचे सूर येतात, त्यामुळे प्रत्येक कॅसेटला, कधी कधी एकाच कॅसेटच्या दोन बाजूंना, वेगळं जुळवायला लागतं. मी एवढी वर्षं समजत होते की जुन्या कॅसेट आता दबक्याच वाजणार. तसं काही नाहीये हो. आवाज आत होता.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय.

म्हणाले, "ताई, ह्या कॅसेटवर दोन जातीची गाणी आहेत. दुकानातून भरलेली बरोबर सुरात आहेत. टीव्हीवरनं घेतलेली माझ्या डेकवर खाली लागतायत, थोडी संथ. म्हणजे तुमचा घरचा डेक फास्ट होता."

मला आधी कळेना. मग त्यांनी समजावलं. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकायला पाहिजे. आमच्या डेकची मोटर जरा जोरात पळायची. त्याच्यावर भरलेलं त्याच्यावरच वाजवलं तर फरक कळत नाही, पण बरोबर स्पीडच्या डेकवर लावलं की ते संथ आणि जड होतं. आणि उलटं, दुकानात बरोबर स्पीडनं भरलेली गाणी आमच्या डेकवर वाजायची ती सगळी थोडी पळायची आणि थोड्या वरच्या सुरात लागायची. काकांनी मोबाइलवर तेच गाणं लावून, डेकच्या मोटरच्या मागच्या भोकातून स्क्रू फिरवून, दोन्ही जुळवून बघितली होती. शंभराला साधारण तीन, एवढा आमचा डेक फास्ट होता.

मी तिथेच स्टुलावर बसले. कारण मला वर्षानुवर्षं वाटायचं की एस ऑफ बेस, अल्बान, दलेर, कुणाचंही गाणं आज ऐकलं की ते तेव्हापेक्षा संथ लागतं. मी ते वयावर ढकललं होतं. म्हणायचे, तेव्हा आपण सतरा वर्षांचे होतो, सगळंच पळत होतं. तर नाही. ती खरंच जोरात वाजायची. माझे कान बरोबर होते.

काकांनी विचारलं, "कसं देऊ? टेपवर आहे तसं, का तुमच्या डेकसारखं?" मी म्हटलं दोन्ही द्या, आणि त्यांनी दोन फोल्डर करून दिले, जास्तीचे पैसे सांगितले नाहीत, मीच दिले. एकाच्या नावात 'मूळ', दुसऱ्याच्या नावात 'घरचा डेक'. पहिल्यात कुकरची शिट्टीसुद्धा जडावलेली ऐकू येते, दुसऱ्यात बरोबर आमच्या कुकरची. एका कॅसेटच्या साइड बीच्या शेवटी आमची गाणी संपल्यावर अचानक नाट्यसंगीत सुरू होतं, कारण ती मुळात बाबांची कॅसेट होती, आकाशवाणी पुणेवरून त्यांनी घेतलेली, आणि पुसली जाऊ नये म्हणून तिच्या तोडलेल्या खाचेवर सेलोटेप लावून आम्ही त्यावर व्हेंगाबॉइज भरले होते. बाबा तेव्हा काही बोलले नव्हते. काकांनी तेही कापलं नाही, पावणेतीन मिनिटं आहेत, मी आता ती वेगळी करून ठेवलीयेत. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांचं काय काय आम्ही पुसलं ते त्या पावणेतीन मिनिटांवरून कळतं आणि जिवाला लागतं.

आता जे पटलं नाही तेही लिहिते. काका फोन उचलत नाहीत, म्हणजे जवळपास नाहीच, प्रत्यक्ष जावं लागतं. "चार दिवसांत देतो" म्हणाले आणि अकरा दिवस लागले, दोन हेलपाटे फुकट गेले. गाणी वेगवेगळी करून देत नाहीत, एका बाजूची एक सलग फाइल, आणि ती वेव्ह फाइल असते, मिनिटाला दहा एमबी, म्हणजे नव्वदची एक कॅसेट जवळजवळ एक जीबी. कमी साइझचा पेनड्राइव्ह नेऊ नका, मी नेला होता आणि परत यावं लागलं. एमपीथ्री करून द्या म्हटलं तर करून देतात पण नाखुशीनं, म्हणतात एकदा मोठी फाइल घ्या, लहान तुम्ही कधीही करू शकता. त्यांचं बरोबर आहे. कॅसेटच्या कव्हरचे, यादीच्या कागदांचे फोटो वगैरे ते काढत नाहीत, ते आपणच काढून ठेवा. माझ्या कव्हरवर हिरव्या स्केचपेननं 'नाच १' लिहिलंय आणि आत यादीत एका गाण्यापुढे मैत्रिणीच्या अक्षरात 'हे नाही घेतलं तर मी येणार नाही' असं आहे.

सलग फाइलचं मला आधी वाईट वाटलं होतं, पण आता तेच बरं वाटतं. कारण दोन गाण्यांमधली ती तीन-चार सेकंदांची खरखर, त्यात आपण पुढचं गाणं कुठलं ते ओळखून आधीच ओरडायचो, जागा धरायचो, कुणाला तरी हाताला धरून मधे ओढायचो. ती मधली शांतता कापली की पार्टी उरत नाही, नुसती गाणी उरतात. आणि साइड एचं शेवटचं गाणं निम्म्यात तुटतं तेव्हा आम्ही सगळे उरलेलं गाणं तोंडानं म्हणायचो, तोपर्यंत मामेभाऊ धावत जाऊन कॅसेट उलटायचा. तो आमच्या पार्टीतला एकमेव मुलगा ज्याला कधी पूर्ण नाचायला मिळालं नाही.

गेल्या महिन्यात तो टोरांटोहून आला होता. त्या निमित्तानं गच्चीवाले अकराजण आमच्या घरी जमलो. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, 'घरचा डेक' फोल्डर. कुणाला काही सांगितलं नव्हतं. पहिली दोन गाणी लोक गप्पा मारत होते, कुणाचे गुडघे, कुणाच्या मुलाचं अ‍ॅडमिशन. मग ते गाणं लागलं आणि हळूहळू बोलणं थांबत गेलं, आणि मी बघत होते, दुसऱ्या कडव्याआधी एकीनं हातातली प्लेट खाली ठेवली. तिला कळलं होतं. शिट्टी झाली आणि अकराच्या अकरा माणसांचे हात वर गेले. गिरकीला सोफा मधे आला, एक फुलदाणी गेली, जाऊ दे. मामेभाऊ पहिल्यांदा मधोमध नाचत होता, आणि साइड ए तुटली तेव्हा सवयीनं दोन पावलं टीव्हीकडे गेला.

आई आतल्या खोलीत पडली होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं, पण शिट्टी ऐकून ती काठी घेऊन बाहेर आली आणि थेट स्वयंपाकघराकडे निघाली. मी तिला धरून बसवलं, सांगितलं आई, हा आपला जुना कुकर आहे, टेपमध्ये आलाय, त्र्याण्णव का चौऱ्याण्णवला घेतलेला तो. तिनं परत लावायला सांगितलं. परत लावलं. ती मान खाली घालून, बोटावर मोजत ऐकत राहिली.

"दोनच झाल्या," ती म्हणाली. "डाळीला मी तीन करायचे. तिसरी कुठंय?"

तिसरी व्हायच्या आत गाणं संपलं होतं आणि मी स्टॉप दाबलं होतं.